फुगवटा

दिवाळीच्या फराळाला आलेल्या माझ्या मेहुण्याने चिवड्याची वाटी बाजूला सरकवली आणि टीपॉयवर एक गुळगुळीत पत्रक पसरलं. हिरवेगार डोंगर, सोंड वर केलेला हत्ती आणि माडांच्या मधून चाललेली हाउसबोट, असं सगळं एकाच पानावर गुण्यागोविंदाने नांदत होतं. मुन्नार, ठेकडी, अलेप्पी. सहा रात्री, सात दिवस. खाली जाड अक्षरात ‘प्रायव्हेट टूर’. म्हणजे गाडी आपली, ड्रायव्हर आपला, वेळ आपला. पन्नास अनोळखी लोकांबरोबर बसमध्ये अंताक्षरी खेळायची नाही. त्याच्याही खाली रकमेचा आकडा होता आणि आकड्याच्या डोक्यावर चांदणी होती. अशा चांदणीचा अर्थ पत्रकाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात दिलेला असतो आणि तो आजवर कधी गिऱ्हाइकाच्या बाजूने लागलेला मी पाहिलेला नाही.

“भाऊजी, तुम्ही आणि ताई येताच आहात,” मेहुणा म्हणाला.

मी आकड्याकडे पाहिलं, चांदणीकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. ती हाउसबोटीकडे पाहत होती. संसारात असे क्षण धोक्याचे असतात. अशा वेळी माणसाला एकदम प्रांताभिमान सुचतो. मी म्हणालो, “डोंगरच पाहायचे तर आपल्याकडे सातपुडा आहे. अभयारण्य हवं तर यावलचं आहे. बॅकवॉटर हवं तर हतनूर धरणाचं आहे. आणि केळी म्हणशील तर केरळने आपल्याकडे सहलीला यावं.”

मेहुणा मूळचा आमच्याच जळगाव जिल्ह्यातला. पंचवीस वर्षांपूर्वी पुण्याला गेला आणि तिथे विरघळला. त्याने ते वाक्य म्हटलं, जे खान्देशात जन्मलेला प्रत्येक माणूस आयुष्यात एकदा तरी म्हणतो. “पण भाऊजी, आपल्याकडे पाहायला काय आहे?”

रावेर-यावलच्या बाजूला हेच वाक्य ‘अठी काय हाय पाह्याले?’ असं होतं. धुळ्याकडे गेलात तर ‘आठे काय शे देखाले?’ बोली बदलते, मत बदलत नाही.

दोष शब्दांचा आहे, हे माझं जुनं म्हणणं आहे. धरण बांधलं की नदीचं पाणी मागे सरकून पसरतं. केरळात समुद्राकाठच्या अशा पसरलेल्या पाण्याला पत्रकवाले बॅकवॉटर म्हणतात. आमच्याकडे धरणामागच्या पाण्याला शुद्ध मराठीत फुगवटा म्हणतात. बॅकवॉटर म्हटलं की हाउसबोट, तळलेला मासा आणि नवपरिणीत जोडपी डोळ्यांसमोर येतात. फुगवटा म्हटलं की भूसंपादनाची नोटीस आणि पोटाचे विकार. फुगवटा पाहायला पैसे कोण मोजणार? एरवी बॅकवॉटर म्हणजे तरी काय, चांगल्या घरात दिलेला फुगवटाच!

तेव्हा मी त्या रात्री संगणकावर बसलो आणि केरळच्या पत्रकाबरहुकूम आमचं पत्रक केलं. चार रात्री, पाच दिवस. पहिला दिवस, सातपुड्याच्या कुशीत. दुसरा दिवस, वन्यजीवांच्या सान्निध्यात. तिसरा दिवस, बॅकवॉटरच्या विसाव्याला. कुशीत, सान्निध्यात आणि विसाव्याला हे तीन शब्द नसतील तर सहलीचा दौरा होतो आणि दौरे तहसीलदार काढतात. चौथ्या-पाचव्या दिवशी चाळीसगाव आणि धुळं टाकलं. रकमेवर चांदणी मात्र दिली नाही, कारण रक्कमच लिहिली नाही.

सात आसनी गाडी ठरवली. मी, बायको, मेहुणा, वहिनी, त्यांची कॉलेजातली मुलगी आणि ड्रायव्हरभाऊ मिळून सहा. सातवी जागा रिकामी. खान्देशात गाडीत एक जागा रिकामी ठेवून निघणं हे निसर्गाला धरून नाही, हे मला कळायला हवं होतं. निघायच्या आदल्या रात्री आत्याचा फोन आला.

“अरे, गाडी बामणोदवरनं जाईन ना? मले फक्त तठी सोडून दे. माह्या भाच्याकडे जायाचं हाय.”

आत्या शहात्तर वर्षांची. तिला ‘फक्त सोडायला’ आजवर जे जे घेऊन गेले, ते ते तिला घेऊनच परत आले आहेत.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. भुसावळ ओलांडून तापीच्या पुलावर आलो तेव्हा मेहुण्याने खिडकीची काच खाली केली, डोळे मिटले आणि मोठ्ठा श्वास घेतला. पुण्याची माणसं शहराबाहेर पडली की हे करतात. त्या श्वासात त्याला दीपनगरच्या वीज केंद्राचाही थोडा वाटा मिळाला असणार, पण मी काही बोललो नाही. पत्रकात ‘शुद्ध हवा’ असं लिहिलेलं होतं.

बामणोदला आत्याला सोडायला थांबलो ते सकाळी दहाला. उतरायचंही नाही असं ठरलं होतं. पण बामणोदचं वांगं माहीत असलेल्या माणसाने असं काही ठरवू नये. आत्याच्या भाच्याने, “आले तं आले, शेतात चला,” म्हटलं आणि गाडी शेताकडे वळली. तिथे आमच्या आधी तीसेक माणसं हजर होती. ती कोण, हे मी विचारलं नाही. आपली होती, एवढं पुरे.

आता भरिताबद्दल. पोळपाटाएवढ्या ताटात चमचाभर वाढून मिळतं त्याला आम्ही भरीत म्हणत नाही, त्याला चटणी म्हणतात. भरिताची वांगी हिरवी, पांढुरक्या रेषांची, हातभर लांबीची असतात; जळगावच्या या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्याच साली जळगावच्या केळीलाही. ही वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजायची. गॅसवर भाजलं तर त्याला धूर लागत नाही, आणि धूर नाही तर भरीत नाही. मग साल काढून लाकडी बडगीत हिरव्या मिरचीबरोबर ठेचायचं. वर तेलात खोबऱ्याचे काप, शेंगदाणे, कांद्याची पात. जोडीला कळण्याच्या पुऱ्या. वाढणारा माणूस वाढताना तुमच्या ताटाकडे पाहत नाही, आभाळाकडे पाहतो. त्यामुळे ‘पुरे’ म्हणून हात आडवा धरला तरी तो त्याला दिसत नाही.

मेहुण्याची मुलगी मला हळूच म्हणाली, “काका, हे ब्रेकफास्ट आहे का लंच?” मी म्हटलं, “पॅकेजमध्ये समाविष्ट आहे.” आम्ही तिथून तीन वाजता निघालो. डिकीत दोन पोती वांगी होती. सातव्या जागेवर आत्या होती. “पालले माह्या ओळखीचे हायेत,” ती म्हणाली. तिच्या मांडीवर भाच्याचा नातू होता. त्याला खिरोद्याला मामाकडे सोडायचं होतं. फक्त सोडायचं.

वाटेत फैजपूर लागलं. मी सहलीचा मार्गदर्शक या नात्याने सांगायला लागलो, की १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन इथे भरलं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, गांधीजी आले होते, नंदलाल बोस यांनी बांबूने आणि गावच्या साध्या सामानाने मंडप सजवला होता. मागे वळून पाहिलं तर सगळीच झोपली होती. कळण्याच्या पुरीपुढे काँग्रेसचं काय चालणार? एकटा ड्रायव्हरभाऊ जागा होता, आणि त्याने जागं राहावं अशी माझीही इच्छा होती. तो म्हणाला, “एवढे मोठे लोक आले होते? अठी काय होतं पाह्याले?”

सावद्याजवळ केळीच्या बागा सुरू झाल्या आणि थांबेचनात. दोन्ही बाजूंना केळी, केळीच्या मागे केळी, मध्ये केळीच्या घडांनी लादलेला ट्रक, त्याला ओव्हरटेक करणारा दुसरा केळीचा ट्रक. खिरोद्याला नातू उतरला, त्याच्या मामाने चहा पाजला आणि ‘गाडीत जागा झाली ना’ म्हणून एक घड आत ठेवला. डोंगर जवळ आले तोवर सूर्य गेला. ‘सातपुड्याच्या कुशीत’ आम्ही शिरलो खरे, पण कूस दिसत नव्हती. वळणं लागली एवढ्यावरून घाट आहे हे कळलं.

पाल हे आमच्या जिल्ह्याचं थंड हवेचं ठिकाण. थंड हा शब्द सापेक्ष आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या वर चढतो, तेव्हा टाकीतलं पाणी अंगावर घ्यायच्या आधी लोक ते निववत ठेवतात. अशा माणसांना जिथे पंख्याखाली झोप लागते, ते ठिकाण थंड वाटतं. पण डिसेंबरातल्या पालला सापेक्ष काही नाही. रात्री वहिनींनी जवळच्या दोन शाली, मेहुण्याचा कोट आणि शेवटी टेबलावरचा टेबलक्लॉथ अंगावर घेतला. आत्या गोधडी घेऊन आली होती. बामणोदला उतरणाऱ्या बाईने गोधडी कशाला घेतली होती, हा प्रश्न मला त्या रात्री पहिल्यांदा पडला.

सकाळ मात्र अशी उगवली, की मेहुणा काही वेळ बोललाच नाही. धुकं दरीतून वर सरकत होतं, साग पिवळा पडलेला, खाली सुकी नदीचं पाणी मधूनच चमकत होतं. कुठूनतरी मोर ओरडला. मेहुणा भानावर येऊन म्हणाला, “अगदी मुन्नारसारखं आहे हो!” तो तोवर मुन्नारला गेलेला नव्हता. पण आपल्याकडचं काही छान दिसलं की ते दुसऱ्या कशासारखं तरी असावं लागतं, त्याशिवाय आपला विश्वास बसत नाही.

यावल अभयारण्य १९६९ साली जाहीर झालं. क्षेत्र १७७.५२ चौरस किलोमीटर. त्यात जामन्या, करंजपाणी, लंगडा आंबा अशा नावाच्या जागा आहेत. लंगडा आंबा या नावाने मेहुण्याच्या मुलीला फार हसू आलं. तिने फोनवर ‘दिसलेले प्राणी’ अशी यादी उघडली होती. बरोबर आलेला तडवी वाटाड्या कमी बोलणारा होता. तो चालता चालता थांबायचा आणि काठीने जमिनीकडे दाखवायचा. “अस्वल.” आम्ही सगळे वाकून बघायचो. तिथे अस्वल नसायचं. अस्वलाने मागे ठेवलेलं असायचं. “यात बोरांच्या बिया आहेत बघा.” थोड्या वेळाने, “तरस.” हे पांढरं होतं. हाडं खातो म्हणून, असं त्याने सांगितलं. दोन तासांत आम्ही निम्म्या अभयारण्याची पचनसंस्था जवळून पाहिली. दुपारी यादीत वानरं चौदा, मोर दोन आणि म्हशी पुष्कळ, एवढंच जमलं होतं. म्हशी खोडाव्यात की ठेवाव्यात यावर मायलेकींचा वाद झाला.

वहिनींनी वाटाड्याला सरळच विचारलं, “वाघ नाही का दिसत?”

तो म्हणाला, “वाघ पाह्यचा तर जंगलात कशाला आलात? मुक्ताईनगरकडे केळीत जा.”

आम्हाला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. मुक्ताईनगर तालुक्यातल्या वढोदा, डोलारखेड्याच्या बाजूला वाघ आहेत आणि जंगलालगतच्या केळीच्या बागांत ते मुक्कामाला असतात. केळीत गारवा असतो, पाणी असतं, रानडुकरं येतात आणि वर्षभर हिरवा आडोसा मिळतो. वाघाला आणखी काय हवं? थंड हवेचं ठिकाण त्याने स्वतःचं स्वतः शोधलं. पत्रक लागलं नाही. २०१४ साली ‘मुक्ताई-भवानी’ या नावाने त्या भागाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला.

तिसऱ्या दिवशी आम्ही त्या बाजूला उतरलो. मुक्ताईनगरजवळच्या एका गावात आत्याची मावसबहीण निघाली. (निघाली म्हणजे होतीच, आम्हाला त्या दिवशी कळली.) तिच्या मुलाची केळीची बाग. तो सांगत होता, “शेतीची लाइट रात्री येते. मोटर चालू कराले दोन वाजता जावं लागते. तोही दोन वाजताच येतो. मी बॅटरी मारतो, तो पाह्यतो. मी थांबतो, तोही थांबतो. मंग तो जातो, मंग मी जातो.” मेहुण्याने विचारलं, “भीती नाही वाटत?” तो म्हणाला, “वाटते ना. लाइट गेली तं पाणी राह्यते.”

ठेकडीला वाघ दिसावा म्हणून लोक रक्कम भरून पहाटे बोटीत बसतात आणि बहुधा सांबर पाहून परततात. इकडे हा माणूस रोज रात्री फुकट सफारी करतो, आणि ती टळावी म्हणून त्याने दिवसा वीज मिळण्यासाठी अर्ज दिलेला आहे.

वाघाचा आणि या मुलखाचा संबंध तसा नवा नाही. चौदाशे वर्षं जगलेले योगी चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा आसूड घेऊन ज्ञानदेवांना भेटायला निघाले आणि ज्ञानदेव आणि त्यांची भावंडं बसल्या भिंतीसकट त्यांना सामोरी गेली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्याच चांगदेवांचं मंदिर इथे तापी-पूर्णेच्या संगमावर आहे. आणि ज्या लहानग्या मुक्ताईला त्यांनी गुरू केलं, ती १२९७ साली तापीकाठी विजेच्या कडकडाटात अंतर्धान पावली तेही इथेच, मेहूणला. कोथळीहून आषाढीला तिची पालखी पंढरपूरला जाते. हे मी सांगत असताना आत्याने मध्येच थांबवलं. “वाघावर बसून आले होते ना? मंग वाघ अठलाच असीन.” संशोधनाची अशी सोपी पद्धत मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

संगमावरून पाहिलं की समोर पाणीच पाणी. हतनूरचा फुगवटा इथपर्यंत येतो.

हतनूर धरण आम्हाला फक्त बातमीतून माहीत. एक्केचाळीस दरवाज्यांचं धरण आहे, आणि दर पावसाळ्यात ‘हतनूरचे इतके दरवाजे उघडले’ ही बातमी पेपरात असतेच. दरवाज्यांच्या पुढे काय होतं ते आम्ही जाणतो, कारण पुढे गावं आहेत, पूर येतो. दरवाज्यांच्या मागे काय आहे हे पाहायला कोणी जात नाही. जातात ते पक्षी.

हिवाळ्यात पाणी ओसरून गाळाचे पट्टे उघडे पडतात आणि तिथे जगभरातून पाहुणे उतरतात. चक्रवाक येतात, त्यांना ब्राह्मणी बदकही म्हणतात. पट्टकादंब येतात, जे हिमालय ओलांडून येण्याबद्दल प्रसिद्ध आहेत. चमच्यासारख्या चोचीचे थापट्या येतात. लांब लाल पायांचे शेकाटे चिखलातून असे चालतात, जणू नवीन धोतर भिजू नये म्हणून जपताहेत. हिमालय ओलांडून पट्टकादंब हतनूरला येतो आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरून भुसावळचा माणूस येत नाही. अठी काय हाय पाह्याले?

सगळ्यांत जास्त होते ते काळे, गुबगुबीत, कपाळावर पांढरा टिळा असलेले पक्षी. थव्याने, एका दिशेने, संथ. मेहुण्याच्या मुलीने पुस्तकात नाव शोधलं आणि मोठ्याने वाचलं, “वारकरी.” आम्ही सगळे चमकलो. पक्ष्याचं मराठी नावच वारकरी आहे. मुक्ताईच्या दारात, तापीच्या पात्रात, शेकडो वारकरी तरंगत होते. आत्याने चप्पल काढून हात जोडले. मला त्या क्षणी काही विनोद सुचला नाही, आणि ते बरंच झालं.

हाउसबोटीचं काय, हा प्रश्न बायकोने तेव्हा काढला. गेले तीन दिवस तिने तो जपून ठेवला होता. काठावर एक मासेमार थर्माकोलच्या तुकड्यांचा तराफा घेऊन जाळी काढायला निघाला होता. तराफा दारातल्या पायपुसण्याहून थोडा मोठा. मी त्याच्याकडे हात केला. बायकोने तराफ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांच्या संसारात ती नजर मी ओळखतो. त्या नजरेला तळाशी बारीक अक्षर नसतं. मेहुणा मात्र पाण्याला पाय लावून बसला. तो मासेमार त्याला म्हणाला, “तुम्ही सर्व्हेवाले का?” गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी आणि हातात वही असलेला माणूस या काठावर एकाच कामासाठी येतो, हे त्याला अनुभवाने माहीत होतं.

आत्या एकटीच लांब जाऊन उभी होती. मी जवळ गेलो. तिने पाण्याच्या मधोमध बोट दाखवलं. “तठी माह्या मावशीचं घर होतं. अंगणात चिंच होती. मे महिन्यात पाणी खाली गेलं की पह्यले ओटा दिसे.” हे तिने इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की सोडून दिलेल्या घराचा पत्ता सांगतेय असं वाटावं. फुगवटा या शब्दात नोटिशीचा वास का येतो, ते माझ्या लक्षात आलं. मी पत्रकात लिहिलेला ‘विसावा’ त्या पाण्याखाली कुठेतरी ओट्याजवळ पडला असेल.

परत निघताना गाडीत नऊ माणसं होती. मावसबहिणीला जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, तिच्याबरोबर कोणीतरी हवं म्हणून सून. फक्त सोडायचं. खासगी सहल खान्देशात होऊच शकत नाही, याची मला तिसऱ्या दिवशी पक्की खात्री पटली. खासगी राहायला अनोळखी मुलूख लागतो. इथे दर दहा मैलांवर कोणीतरी काका, मामा, व्याही किंवा ‘तुमच्या वडिलांच्या बरोबरचा’ निघतो. तुम्ही पर्यटक म्हणून घरातून निघता आणि पहिल्याच वेशीवर पाहुणे होता. पर्यटकाला पैसे द्यावे लागतात. पाहुण्याला खावं लागतं. कुठलं महाग पडतं हे पाच दिवसांनी वजनकाट्यावर कळतं.

चौथ्या दिवशी चाळीसगावला जायचं तर रस्ता जळगाववरून. त्यामुळे सहलीच्या ऐन मध्यावर आम्ही स्वतःच्याच घरी उतरलो. बायकोने दूध तापवलं, वाळत घातलेले कपडे काढले, शेजारणीशी पंधरा मिनिटं बोलली. शेजारीण म्हणाली, “आलात पण?” बायको म्हणाली, “नाही, जातोय.” मेहुणा हॉलमध्ये पाहुण्यासारखा बसून म्हणाला, “छान प्रॉपर्टी आहे. चेकआउट किती वाजता?”

चाळीसगावात केकी मूस यांच्या घरी गेलो. महाराष्ट्रातल्या साऱ्या सहलीवाल्यांनी या माणसाची तसबीर उलटी टांगावी असं त्याचं चरित्र आहे. विलायतेत कला शिकून हा पारशी छायाचित्रकार चाळीसगावला परतला आणि १९८९ साली वारेपर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षं, घराबाहेर जवळपास पडलाच नाही. टेबलावर चार दगड, थोडी माती, वाळलेल्या काटक्या मांडायचा आणि त्यातून बर्फाळ शिखरं, जंगलं, वाळवंटं उभी करून त्यांची छायाचित्रं घ्यायचा. जगभरची बक्षिसं मिळाली. पंजाब मेलने येईन असं सांगून गेलेली कोणी यायची होती आणि त्या गाडीच्या वेळेला तो रोज घरातले दिवे लावायचा, असंही सांगतात. वहिनी ते ऐकून गप्प झाल्या. मेहुणा म्हणाला, “म्हणजे एका टेबलावर सगळी टूर?” मला वाटतं, इतक्या नेमक्या शब्दांत मूस यांचं मोठेपण कोणी सांगितलं नसेल, पण बोलणाऱ्याच्या ते गावीही नव्हतं.

पाटणादेवीला पोचलो तेव्हा दुपार. मागे गौताळ्याचं जंगल, वर पितळखोऱ्याची लेणी. इथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढल्याची नोंद आहे. साल १२०७. नातवाचं नाव चांगदेव. हा चांगदेव वेगळा, वाघवाला नव्हे, हे मला आत्यासाठी दोनदा सांगावं लागलं. वाघ मात्र इथेही आडवा आलाच. अभयारण्याचं पूर्ण नाव गौताळा-औट्रामघाट. औट्राम म्हणजे जेम्स औट्राम, १८२५ साली खान्देशात भिल्ल पलटण उभी करणारा इंग्रज अधिकारी. इथल्या दहा वर्षांत जवळजवळ दोनशे वाघ मारले जाताना तो हजर होता. १९८६ साली वन्यजीवांना अभय दिलं, ते त्याच्या नावाने. उद्या मांजराच्या नावाने उंदरांचा अनाथाश्रम काढला तर आपण हसू; सरकारी कागदावर मात्र हसू उमटत नाही.

धुळ्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आम्ही तिथे थोडकेच थांबलो. धुळ्याचं दुर्दैव असं, की मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग तिथे एकमेकांना भेटतात. त्यामुळे सगळा देश धुळ्यावरून जातो आणि कोणीच धुळ्याला जात नाही. लळिंगच्या किल्ल्याच्या पायथ्याशी एक म्हातारे गृहस्थ शेळ्या घेऊन बसले होते. आम्ही वर जायचा रस्ता विचारला. त्यांनी आमच्या नऊ जणांवर नजर फिरवली (सोडायची माणसं बदलत होती, आकडा नऊच राहत होता) आणि अपेक्षित प्रश्न विचारला. “आठे काय शे देखाले?”

आणि मेहुणा, पुण्यात विरघळलेला मेहुणा, गाडीतून उतरता उतरता म्हणाला, “भाऊ, वाघ, वारकरी अन् अस्वलाचं ते, सगळं पाह्यलं. आता किल्ला राह्यला.”

हिशेब सांगतो. डिझेल, ड्रायव्हरभाऊचा भत्ता आणि मुक्कामाचं भाडं एवढाच खर्च. जेवण शून्य. डिकीत दोन पोती वांगी, तीन घड केळी, शेवेचे पुडे, बिबडे, एक कोंबडा (तो पाटणादेवीच्या वाटेवर बसला, कोणाचा ते कळलं नाही) आणि आत्याची गोधडी. मेहुण्याने परतल्यावर वजन केलं, चार किलो वाढलं होतं. त्याचा फुगवटा अजून ओसरलेला नाही असं वहिनी कळवतात.

फेब्रुवारीत ते सगळे केरळला गेले. आम्ही नाही गेलो. बायको त्या विषयावर अद्याप बोलत नाही. अलेप्पीहून मेहुण्याचा फोटो आला. हाउसबोट, माड, चकचकीत पाणी, हातात केळं. खाली लिहिलं होतं, “सुंदर आहे. अगदी हतनूरसारखं. केळी बारीक.”

तुम्हाला यायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत या. पक्षी तेव्हाच असतात, वांगीही तेव्हाच. मे महिन्यात येऊ नका, त्या महिन्यात आम्हीसुद्धा इथे राहत नाही, फक्त असतो. गाडी चार आसनी करा. आणि बामणोदवरून जाणार आहात हे आमच्या आत्याला कळू देऊ नका.